सुट्या पेट्यांवरची पाचोरा–जामनेर

आपली ‘पीजे’, म्हणजे पाचोरा–जामनेर नॅरोगेज, ५६ किलोमीटरची. १:८७ या प्रमाणात तिचं पूर्ण मॉडेल करायचं तर जवळपास ६४४ मीटर जागा हवी. एवढा दिवाणखाना कुणाकडे? म्हणून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी मोजकी स्टेशनं निवडायची आणि प्रत्येकाला स्वतंत्र पेटी द्यायची. पेट्या जोडल्या की मार्ग तयार. सोडवल्या की कपाटामागे उभ्या राहतात, टेम्पोतून धुळ्याच्या प्रदर्शनालाही जातात. सुमारे शंभर वर्षं धावून २०२०मध्ये थांबलेली ही गाडी गावोगावच्या मुलांना पुन्हा चालताना दिसावी, यासाठी हा खटाटोप नक्कीच करावा.

पीजेच्या दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. ‘एन’ मापाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे मिळतात, तेच घ्यावेत. त्यांचे स्लीपर जरा बारीक आणि दाट असतात. खडी-मातीत अर्धे बुजवले की खटकत नाहीत. घरं, झाडं, माणसं मात्र १:८७चीच.

आठ बाय चारच्या प्लायवूडमधून चार बाय दोनचे चार पृष्ठभाग निघतात. खाली पट्ट्यांची चौकट करायची. दोन्ही टोकांच्या फळ्या जाड प्लायच्या हव्यात, आणि सगळ्या पेट्यांच्या टोकफळ्या एकत्र आवळून बोल्टची भोकं एकदाच पाडायची. भोकं वेगवेगळी पाडली तर पुढे कितीही घासा, रूळ जुळत नाहीत.

खरी कसोटी सांध्याची. दोन पेट्या बोल्टने घट्ट जोडा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना, रूळ जिथे येणार तिथे, पितळी स्क्रू ठोकळ्यात बसवा आणि त्यांची डोकी रुळाच्या तळाला टेकतील इतकी वर ठेवा. आता रूळ अखंड, सांध्यावरून सरळ काटकोनात न्या, चारही स्क्रूंवर डाख द्या आणि मगच पातळ पात्याने बरोबर सांध्यावर कापा. हीच जोडी यापुढे नेहमी एकमेकींसमोर नेमकी येते. टोकं अशी पक्की झाली की रूळ फुगायला जागा पेटीच्या मधोमध ठेवायची. जळगावच्या हिवाळ्यातून मे महिन्यात येताना मीटरभर रूळ सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, तेवढी फट पुरते.

वायरिंग सोपं. प्रत्येक पेटीखाली दोन जाड तारा: प्रेक्षकांकडच्या रुळाची लाल, मागच्याची काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्यावरून बारीक तार खाली आणून त्यांना जोडायची. फिशप्लेटमधून वीज जाईल या भरवशावर राहू नये. डाव्या टोकाला नर प्लग, उजव्याला मादी, हा नियम सगळ्यांनी पाळला की लाल-काळ्याची अदलाबदल होत नाही.

हॉलची फरशी कधीच समतल नसते, म्हणून पायांच्या तळाशी फिरवता येणारे बोल्ट हवेत. इंजिन चढवण्याआधी मोकळा डबा हाताने ढकलत सगळे सांधे पार करायचे. जिथे तो उडेल तिथला बोल्ट फिरवायचा.