दवाखान्याचा खर्च कोणी व केव्हां सोसावा?

घरांतील एखादें माणूस अंथरुणास खिळलें म्हणजे डॉक्टर कोणता गांठावा हा विचार प्रथम मनांत येतो, आणि त्याच्या पाठोपाठ येतो तो पैशाचा. सरकारी रुग्णालयांत न्यावें तर गर्दी. खाजगी रुग्णालयांत न्यावें तर ठेवी मोडण्याची पाळी! या कचाट्यांत सांपडलेल्या गृहस्थास हा प्रश्न आपल्या घरापुरताच आहे असें वाटतें. वस्तुतः निरनिराळ्या राष्ट्रांनीं तो निरनिराळ्या रीतींनीं सोडवून पाहिला आहे, आणि त्या रीतींची तुलना केल्यावांचून आपल्या घरचा निर्णयहि डोळसपणें करतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुकट औषधोपचार म्हणून जगांत कोठेंच नाहीं. डॉक्टर, परिचारिका, औषधें, यंत्रें या सर्वांचे पैसे कोणास तरी द्यावेच लागतात. भेद इतकाच कीं, प्रकृति धडधाकट असतांना सर्वांनीं ऐपतीप्रमाणें थोडेथोडे द्यावयाचे, कीं दुखणें येईल त्या दिवशीं ज्याचे त्यानें एकदम द्यावयाचे? आपल्या एकत्र कुटुंबांत पहिली रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एक भाऊ कचेरींत, दुसरा शेतीवर, तिसरा भिक्षुकीवर. पण धाकट्याच्या मुलास विषमज्वर झाला तर त्याच्या बापाची मिळकत किती, हें कोणी विचारीत नसे. संस्कृतांत 'योगक्षेम' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. नसलेलें मिळविणें हा योग आणि मिळविलेलें राखणें हा क्षेम. योग एकट्याला साधेल, परंतु क्षेमास पुष्कळांचे हात लागतात.

हीच घरगुती रीत सबंध राष्ट्रास लावण्याचा प्रयत्न ब्रिटननें केला. वेल्स प्रांतांतील ट्रेडेगार या कोळशाच्या खाणींच्या गांवीं मजुरांनीं एक मंडळी काढली होती. प्रत्येकानें मजुरींतून ठराविक पैसे द्यावे व त्या निधींतून सर्वांच्या औषधपाण्याची सोय व्हावी, असा तिचा नियम. त्याच गांवीं वाढलेला व लहानपणीं खाणींत राबलेला अन्यूरिन बेव्हन पुढें ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. १९४२ सालच्या बेव्हरिज अहवालानें भूमिका तयार केलीच होती. ५ जुलै १९४८ रोजीं बेव्हननें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. उपचार गरजेप्रमाणें मिळावा, रोग्याच्या खिशाप्रमाणें नव्हे, आणि खर्च मुख्यतः करांतून व्हावा, हें तिचें तत्त्व.

परंतु सामाईक तिजोरीलाहि तळ असतो. तीनच वर्षांत, १९५१ सालीं, दांतांच्या कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचें ठरलें, आणि त्याचा निषेध म्हणून बेव्हननें मंत्रिपद सोडलें. २०२३ च्या शरदऋतूंत एकट्या इंग्लंडांत ७५ लाखांवर उपचार प्रतीक्षायादींत तुंबले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं महिनेच्या महिने थांबणाऱ्या वृद्धास तत्त्वाच्या थोरवीनें फारसें समाधान मिळत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें अध्यक्ष ट्रूमन यांनीं १९४५ सालीं राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली. परंतु डॉक्टरांच्या संघटनेनें कडाडून विरोध केला व ती बारगळली. तत्पूर्वीं १९४२ सालीं, युद्धकाळांत, सरकारनें पगारवाढीवर निर्बंध घातले होते. तेव्हां कामगारांस आकर्षून घेण्यासाठीं कारखानदार पगाराऐवजीं आजारपणाचा विमा देऊं लागले, आणि विमा नोकरीस जखडला गेला तो कायमचा. नोकरी गेली कीं विम्याचें छत्रहि जाण्याची भीति! १९६५ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं ६५ वर्षांवरील वृद्धांसाठीं मेडिकेअर व गरिबांसाठीं मेडिकेड या सरकारी योजना काढल्या, आणि मेडिकेअरचें पहिलें कार्ड वृद्ध ट्रूमन यांच्या हातीं दिलें. तरीहि आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा १७ हून अधिक भाग अमेरिका आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन शेंकडा ११ च्या आसपास. आणि सरासरी आयुर्मान मात्र ब्रिटनचें अधिक! नवीं औषधें, नवीं यंत्रें व नव्या शस्त्रक्रिया यांत अमेरिका अग्रेसर आहे, यांत संशय नाहीं. पण तेथील पुष्कळ पैसा हप्ते, दावे व बिलें यांच्या हिशेबांतच जिरतो.

बाजाराचा नियम येथें पुरा कां पडत नाहीं, याचें विवेचन केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालीं केलें. मंडईंत वांगें घेतांना आपण तें हातांत घेऊन पाहतों, भाव पटला नाहीं तर पुढच्या दुकानीं जातों. छातींत कळ आलेल्या माणसास घासाघीस करण्यास वेळ नसतो व ज्ञानहि नसतें. काय विकत घ्यावयाचें हें विकणाराच ठरवितो.

आपल्याकडे काय झालें? ब्रिटनची सेवा सुरू होण्यापूर्वीं दोन वर्षें, १९४६ सालीं, सर जोसेफ भोर यांच्या समितीनें अशीच शिफारस केली होती कीं, पैसे नाहींत म्हणून कोणीहि उपचारास मुकूं नये. १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रें निघालीं. पण पैसा अपुरा पडला, आणि ती पोकळी खाजगी दवाखान्यांनीं भरून काढली. २०१३-१४ सालीं देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं शेंकडा ६४ खर्च लोकांच्या खिशांतून थेट होत असे. २०२१-२२ सालीं हें प्रमाण शेंकडा ३९ वर आलें. २०१८ सालीं आयुष्मान भारत योजनेंत गरीब कुटुंबांस वर्षाकांठीं ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराची हमी मिळाली, व ऑक्टोबर २०२४ मध्यें ७० वर्षें व त्यावरील सर्वांस, उत्पन्नाची अट न घालतां, ती लागू झाली. आमच्या वाचकांपैकीं किती घरांनीं आपल्या आजी-आजोबांचीं कार्डें काढलीं आहेत, हें ज्यानें त्यानें पाहावें.

कोणी म्हणेल, "आम्ही विम्याचा हप्ता भरतों; सरकारी रुग्णालयाशीं आम्हांस काय कर्तव्य?" त्यास उत्तर असें कीं, हप्ता वयाबरोबर चढत जातो, आणि साथीच्या दिवसांत कोणताहि विमा नसलेली खाट निर्माण करूं शकत नाहीं. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील करोनाचे पहिले रुग्ण परदेशप्रवास करून आलेले होते. पण ते दाखल झाले पुणें महानगरपालिकेच्या नायडू रुग्णालयांत. संकटांत सर्वांनाच जेथें जावें लागतें, तें घर सुखाच्या दिवसांत मोडकळीस येऊं देणें हें शहाणपणाचें नव्हे.

खाजगी दवाखान्यांतील तत्परता व आर्जव यांचें मोल आम्ही जाणतों. ते नाहींसे व्हावे असें आम्ही म्हणत नाहीं. पण लिहितां-बोलतां येणारा वर्ग सरकारी रुग्णालयांतून उठून गेला कीं तेथील उणिवांबद्दल विचारणारें कोणी उरत नाहीं. गरीब रोगी निमूटपणें सोसतो, आणि व्यवस्था अधिकच ढासळते. म्हणून आपल्या गांवच्या सरकारी रुग्णालयांत वर्षांतून दोनदां तरी जावें, रुग्ण कल्याण समितींत कोण आहेत याची चौकशी करावी, औषधें कां नाहींत हें लेखी विचारावें. कर आपण भरतोंच. सामाईक तिजोरींत पैसे टाकून तिच्या हिशेबाकडे पाठ फिरविणारा कर्ता पुरुष आपल्या घरांत आपण चालवून घेतला नसता. मग गांवांत तरी कां चालवून घ्यावा?