घरचाच माणूस घात करतो, अशी सिरीज पोरांसमोर बघावी का? कोपऱ्यातला ‘यू/ए १६+’ शिक्का नेमकं काय सांगतो

ओझर (ता. निफाड) : जमिनीच्या वाटणीवरून भावानेच भावाचा काटा काढला, विश्वासातल्या माणसानेच गळा कापला, अशा कथांच्या मालिका आणि वेब सिरीज आता गावोगाव मोबाईलवर बघितल्या जातात. शेतातली कामं आटोपून जेवणं झाली की घरात कुणीतरी एपिसोड लावतो आणि शेजारी पोरंही बसलेली असतात. मग प्रश्न येतो, हे सगळ्यांनी बघण्यासारखं आहे का? उत्तर स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. पण ते फार कमी लोक वाचतात आणि जे वाचतात त्यांनाही त्याचा पूर्ण अर्थ माहीत नसतो.

विषय नवा नाही

झी मराठीवर ऑगस्ट २०२० मध्ये ‘देवमाणूस’ ही मालिका सुरू झाली. गावाने देव मानलेला डॉक्टरच माणसं मारतो, ही तिची गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ आली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुलींचे खून झाले होते. त्याचा तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर ही सिरीज बेतली आहे. कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. दोन्हीकडे मारणारा बाहेरून आलेला दरोडेखोर नाही. तो रोजच्या उठण्याबसण्यातला आहे.

त्याच्याही आधी, १९७० मध्ये, विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ हे नाटक डॉ. श्रीराम लागू यांनी रंगमंचावर आणलं. पैशासाठी मुलगे बापावर उठतात, भाऊ सख्ख्या बहिणीलाही सोडत नाहीत, असं ते घर. त्यातल्या साडीवरच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरने, हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि हा निळा डाग लाल समजावा, असं प्रेक्षकांना प्रयोगाआधी सांगण्यात आलं.

तेव्हा नाटकगृहाला दार होतं, तिकीट होतं, आत जाण्याआधी काय बघणार याची कल्पना होती. आज तीच गोष्ट थेट घरात येते आणि दारावर कुणी उभं नसतं.

शिक्का कोण मारतं?

सिनेमा थिएटरात लागण्याआधी सेन्सॉर बोर्ड तो बघतं आणि प्रमाणपत्र देतं. टीव्हीला केबल कायद्याची कार्यक्रम संहिता लागू आहे, पण सिनेमासारखं प्रत्येक भागाला आधी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. मोबाईलवरच्या ॲपचं अजून वेगळं आहे. तिथे कोणत्या वयाने बघावं हे सिरीज दाखवणारी कंपनी स्वतःच ठरवते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये केलेल्या नियमांत त्यासाठी पाच गट दिले आहेत :

• यू – सगळ्यांसाठी.
• यू/ए ७+ – सात वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांसोबत बघावं.
• यू/ए १३+ – तेरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबत बघावं.
• यू/ए १६+ – सोळा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबत बघावं.
• ए – फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी.

शिक्क्याशेजारी हिंसा, शिवीगाळ, नशा, लैंगिक दृश्यं असे शब्दही येतात. ते शिक्क्याइतकेच महत्त्वाचे. ‘१६+’ नुसत्या शिव्यांसाठी आहे की खुनाच्या दृश्यांसाठी, हे तिथेच कळतं. १३+ आणि त्यावरच्या सिरीजला पालकांसाठी लॉकची सोय द्यावी, असंही नियम सांगतो. मात्र याच नियमांतल्या आचारसंहितेच्या काही कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती. मोठी ॲप शिक्का दाखवतात हे खरं, पण ‘सरकार बघून घेईल’ या भरवशावर राहू नये.

अडचण कुठे येते?

ही सगळी व्यवस्था एका माणसाचा एक मोबाईल धरून केलेली आहे. आपल्याकडे तसं नसतं. आजोबांच्या नावावरचा फोन दिवसा बाजारभाव बघायला, दुपारी सुनेला आणि संध्याकाळी नातवाच्या हातात. ॲपच्या लेखी मात्र बघणारा अजून आजोबाच आहे. त्यामुळे ‘ए’ शिक्क्याची सिरीजही नातवासमोर सहज उघडते.

दुसरी अडचण तुकड्यांची. सिरीजमधला सगळ्यात भयंकर मिनिट कापून रील म्हणून फिरतो. त्या तुकड्यावर शिक्का नसतो, मागची-पुढची गोष्ट नसते आणि गुन्हेगाराला शेवटी काय शिक्षा झाली हेही नसतं.

तिसरी अडचण शिक्क्यात मावत नाही. शिक्का रक्त आणि शिव्या मोजतो. पण सात-आठ वर्षांच्या पोराला रक्तापेक्षा दुसरीच भीती धरते : काका असं करतो, तर माझा काका? मोठ्यांना ती गोष्ट असते, पोराला ते घर वाटतं. ज्या घरात वाटणीचा, बांधाचा किंवा सातबाऱ्यावरच्या नावाचा वाद चालू आहे, तिथे तर लहान-मोठे सगळेच ती गोष्ट आपल्या घरावर लावून बघतात.

मग बघूच नये का?

तसं नाही. चांगली सिरीज डोळेही उघडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ एवढं सांगून भागत नाही, हे मोठ्या मुलामुलींना कळायला हवं. गुप्तधनासाठी बळी हा विषय निघाला, तर महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी आणि जादूटोण्याविरोधात कायदा आहे, हेही सांगता येतं. पण हे सांगायला शेजारी कुणीतरी मोठं बसलेलं पाहिजे. ‘मोठ्यांसोबत बघावं’ या शब्दांचा अर्थ तोच.

घरात काय करता येईल?

१. पहिला भाग मोठ्यांनी एकट्याने बघावा. मग पोरांना बसवायचं की नाही ते ठरवावं.
२. ॲपमध्ये मुलांचं वेगळं प्रोफाइल करावं आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा. पिन म्हणून गाडीचा नंबर किंवा जन्मसाल नको, पोरांना ते पाठ असतं.
३. फोन पोराच्या हातात देताना सेटिंगमधला ‘ॲप पिनिंग’ हा पर्याय वापरावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो सुरक्षा विभागात सापडतो. मग पोराला एकाच ॲपमध्ये राहावं लागतं.
४. बारा वर्षांखालच्या मुलांना अशा सिरीजपासून लांबच ठेवलेलं बरं. १३ ते १६ वयाच्या मुलांसोबत बघितली, तर टीव्ही बंद करून दहा मिनिटं बोलावं. त्यांना काय वाटलं, हे आधी त्यांना सांगू द्यावं.
५. पोरगं रात्री दचकून उठायला लागलं, एकटं झोपेना, एखाद्या नातेवाइकाजवळ जाईना, तर रागवू नये. कारण सिरीज असेल किंवा खरंच काही घडलेलं असेल. शांतपणे विचारावं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर घरात लिहून ठेवावेत.

तक्रार कुठे?

शिक्का चुकीचा वाटला, तर त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्याचा पत्ता ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर असतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. समाधान झालं नाही, तर कंपन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. तक्रारीत सिरीजचं नाव, भाग आणि कितव्या मिनिटाला काय दाखवलं हे लिहावं.

पण तक्रार ही नंतरची गोष्ट. एपिसोड सुरू व्हायच्या आधी खोलीत कोण कोण बसलंय, ते शिक्क्याला दिसत नाही. ते घरातल्या मोठ्यांनाच बघावं लागतं.