नेट गेलं? आधी शाळेतच शोधा

गोसीखुर्दच्या इंदिरासागर धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर आहे. वैनगंगेचं एवढं पाणी अडवूनही कालव्याच्या शेवटाला असलेलं शेत कोरडं राहू शकतं. अशा वेळी जाणता शेतकरी धरणाकडे धावत नाही. तो आपल्या बांधापासून मागे चालत जातो आणि पाटचारी कुठं फुटली, कुठं गाळ साचला ते पाहतो. शाळेच्या संगणक कक्षात मात्र ‘सर, नेट चालूनच नाही राहिलं’ अशी हाक आली, की पहिला फोन कंपनीला लागतो. तो पुष्कळदा वाया जातो, कारण बिघाड शाळेच्याच चार भिंतींत असतो.

पवनी तालुक्यासारख्या ग्रामीण भागात इंटरनेटचे दोन टप्पे असतात. केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचं उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचं होतं. हा बाहेरचा टप्पा. शाळेतला राउटर, स्विच, केबल, वायफाय आणि संगणक हा आतला टप्पा, आणि त्याची देखभाल शाळेलाच करावी लागते. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवायला महागडं यंत्र लागत नाही.

तीन प्रश्न

प्रत्येक संगणकात ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. ती दिलेल्या पत्त्यावर एक छोटा संदेश पाठवते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगते.

पहिला पिंग शाळेच्या राउटरला द्यायचा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. उत्तर आलं नाही, तर दोष केबल, स्विच किंवा वायफायमध्ये आहे आणि कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. उत्तर आलं, तर दुसरा पिंग बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. इथं अडलं, तर फायबरच्या डब्याकडे पाहायचं. त्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. जेसीबीने फायबर तोडलेली असते, नाहीतर कुणीतरी खिळ्याभोवती ती घट्ट गुंडाळलेली असते. काचेचा तंतू जास्त वाकला, की आतला प्रकाश बाहेर गळतो. तिसरा पिंग संकेतस्थळाच्या नावाला. आकडी पत्ता उत्तर देतो आणि नाव देत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा अडली आहे.

वेळेचा आकडाही बोलका असतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटर जाऊन परत यायला त्याला दहा मिलिसेकंद पुरतात. त्यामुळे मुंबईतल्या सर्व्हरने तीस-चाळीस मिलिसेकंदांत उत्तर दिलं, तर ते ठीकच. पण शेजारच्या खोलीतला राउटर दोनशे मिलिसेकंद घेत असेल, तर खोळंबा आतच आहे. असं बहुधा वायफायवर गर्दी झाल्यामुळे किंवा सिग्नल कमजोर पडल्यामुळे होतं.

घरचेच चोर

आतल्या बिघाडांत सगळ्यात फसवा बिघाड केबलचा. सुटलेलं टोक दिसलं, की कुणीतरी ते सद्‌भावनेने स्विचच्या रिकाम्या खाचेत खोचतं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असेल, तर संदेश गोल गोल फिरत राहतात, त्यांच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत अख्खा कक्ष ठप्प होतो. यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. पण शाळांत वापरतात त्या स्वस्त स्विचमध्ये ती सहसा नसते. उपाय साधा आहे. एकेक केबल काढत जायची. ज्या केबलनंतर दिवे शांत होतील, ती गुन्हेगार.

दुसरा चोर म्हणजे जुना राउटर. वायफायची रेंज वाढावी म्हणून तो जोडला जातो आणि खऱ्या राउटरच्या जोडीने तोही संगणकांना पत्ते वाटू लागतो. मग काही संगणक चालतात, काही नाहीत. जोडण्याआधी त्यातली पत्ते वाटण्याची डीएचसीपी सेवा बंद करायला हवी.

तिसरा घड्याळाचा. उन्हाळ्याच्या लांब सुट्टीनंतर संगणक सुरू केला की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते, कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. त्यामुळे पिंग चालतो, पण पान उघडत नाही.

चौथा अपडेटचा. वीस संगणकांनी प्रत्येकी एक जीबी उतरवायला घेतला, तर वीस एमबीपीएसची जोडणी सुमारे सव्वादोन तास गुंतून पडते. सगळ्या संगणकांचं अपडेट तासिका संपल्यावर आणि आळीपाळीने लावावं.

ऊन, वीज आणि वही

विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. घरगुती वापराच्या बहुतेक राउटरची मर्यादा चाळीस अंश असते. टिनाच्या छताला लागून बसवलेला राउटर दुपारी वारंवार बंद पडला, तर नवल नाही. शिवाय टिन वायफायच्या लहरी परतवून लावतं. राउटर खाली, हवेशीर जागी हवा. दोन राउटर असतील, तर २.४ गिगाहर्ट्झवर त्यांना १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळे चॅनेल द्यावेत.

विजेचा धोका याहून मोठा. दोन इमारतींमधली तांब्याची केबल आकाशातली वीज आत आणू शकते. फायबरमधला तंतू काचेचा असल्याने त्यातून वीज वाहत नाही. म्हणून इमारतींमध्ये धातूची तार नसलेली फायबर टाकावी आणि अर्थिंग तपासून घ्यावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. इशारा येताच उपकरणांचे प्लग आणि केबल काढून ठेवावेत. वीज डोक्यावर आली असेल, तर मात्र त्यांना हात लावू नये.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक वही. कोणती केबल कुठून कुठं जाते याचा नकाशा, प्रत्येक टोकाला चिकटवलेला क्रमांक, राउटरचा पत्ता, सगळं सुरळीत असतानाचा पिंगचा आकडा, आणि प्रत्येक बिघाडाची तारीख, लक्षण व उपाय. निरोगी अवस्थेचा आकडा माहीत नसेल, तर आजार ओळखता येत नाही. पासवर्ड मात्र या वहीत लिहू नये. तो मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात राहू द्या.

विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. ते जादा दिवस हाताशी असतात. मुख्याध्यापकांनी त्यातला एक दिवस या नकाशासाठी राखावा आणि शाळा सुरू झाल्यावर वही आठवी-नववीच्या मुलांच्या हाती द्यावी. पिंगचा आकडा वाचणं हे विज्ञानाच्या पुस्तकातल्या प्रयोगाइतकंच शास्त्र आहे, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत तासिका वाचवण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.