बरामद्यांचं शहर

जयपूरच्या जोहरी बाजारात मे महिन्याच्या भर दुपारीही खरेदी करता येते, कारण गिऱ्हाईक उन्हातून चालतच नाही. बडी चौपडपासून सांगानेरी गेटपर्यंत दुकानांपुढे सलग बरामदा आहे. डावीकडे खांब, उजवीकडे दुकानं, डोक्यावर छत. जुन्या जयपूरकरांच्या आठवणी बहुतेक या सावलीतल्याच. शाळेची पुस्तकं घेण्यासाठी चौडा रास्ता, लग्नाच्या बांगड्यांसाठी त्रिपोलिया, सणाच्या मिठाईसाठी जोहरी बाजार, आणि या साऱ्या फेऱ्या बरामद्याखालून. तीज आणि गणगौरच्या मिरवणुका निघाल्या की हेच छत सज्जा व्हायचं. बायका-मुलं वर चढून जागा धरायची आणि खालून हत्ती, उंट, पालखी जाताना बघायची.

पाहुण्याला वाटतं, हे बरामदे शहराइतकेच जुने असणार. ते तसे नाहीत. म्हैसूरची दिवाणगिरी गाजवून आलेले सर मिर्झा इस्माईल १९४२ ते १९४६ या काळात जयपूरचे दिवाण होते, आणि मुख्य बाजारांना हे बरामदे मिळाले ते त्यांच्या कारकिर्दीत. परकोट्याबाहेरच्या, म्हणजे तटबंदीबाहेरच्या, रुंद एम. आय. रोडला नाव त्यांचंच. चार वर्षांत एखादा प्रशासक शहराच्या रोजच्या जगण्यात किती खोलवर उतरू शकतो, याचं याहून ठळक उदाहरण शोधावं लागेल.

अर्थात त्यांना पाया भक्कम मिळाला होता. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये हे शहर वसवलं. आखणीत त्यांच्या हाताशी होते विद्याधर भट्टाचार्य. मुख्य रस्ते शंभर फुटांहून रुंद, काटकोनात छेदणारे, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना सारख्या मापाच्या दुकानांची रांग. घरं, हवेल्या, देवळं या रांगेच्या मागे किंवा वर. म्हणजे इथे दुकान हे शहर वाढल्यावर रस्त्याकडेला आपोआप उगवलेलं नाही. रस्त्याची भिंतच दुकानांची आहे. गुलाबी रंग पुढे आला, १८७६ मध्ये, इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या स्वागतासाठी. जग जयपूरला त्या रंगानं ओळखतं, पण शहराचा कणा बाजार आहे.

या बाजाराची एक आठवण मराठी माणसाला चटका लावणारी आहे. त्रिपोलिया बाजारातून वर मान केली की ईसरलाट हा उंच मनोरा दिसतो. जयपूरचे राजे सवाई ईश्वरीसिंह यांनी तो आपल्या विजयाची खूण म्हणून १७४९ मध्ये उभारला. पुढच्याच वर्षाअखेर मल्हारराव होळकरांची फौज चालून येतेय हे कळल्यावर ईश्वरीसिंहांनी आत्मघात केला. जानेवारी १७५१ मध्ये काही हजार मराठे ही नवी नगरी, तिची देवळं आणि बाजार पाहायला वेशीच्या आत शिरले. मराठ्यांनी त्याआधी घेतलेल्या खंडण्यांचा राग शहराच्या मनात धुमसत होताच. दुपारी एकाएकी दंगल उसळली, वेशी बंद झाल्या आणि त्यांतले बहुतेक कापले गेले. आज त्याच रस्त्यावर मराठी पर्यटक बांधणीच्या ओढण्यांचा भाव करत असतात.

मुख्य रस्त्यांवरून आत वळलं की गल्ल्या लागतात. त्यांना इथे ‘रास्ता’ म्हणतात आणि त्यांची नावंच त्यांचे धंदे सांगतात. ठठेरों का रास्ता हा भांडी घडवणाऱ्यांचा, पुण्याच्या तांबट आळीचा भाऊ शोभेल असा. खजानेवालों का रास्ता मूर्तिकारांचा. तिथे संगमरवराची पांढरी धूळ उंबऱ्यांवर बसलेली असते.

पण थांबावं ते मनिहारों का रास्ता या गल्लीत. त्रिपोलिया बाजारातून आत शिरणाऱ्या या गल्लीत मुस्लिम मनिहार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या लाखेच्या बांगड्या करत आली आहेत. दुकान म्हणजे एक ओटा, समोर निखाऱ्यांची शेगडी. लाखेची कांडी निखाऱ्यावर मऊ करायची, लाकडी ठोकळ्यानं लाटून लांबवायची, वर रंगाच्या लाखेचा थर चढवायचा, मग वळवून टोकं जोडायची आणि लाकडी दांड्यावर सरकवून माप बसवायचं. बाई समोर बसलेली असते. तिचा हात पाहून बांगडी तिथल्या तिथे मोठी किंवा लहान होते. असा व्यवहार शोकेसमधून होत नाही.

होळी जवळ आली की याच ओट्यांवर ‘गुलाल गोटा’ होतो. लाखेचा छोटा गोळा तापवून फुंकणीच्या टोकावर घ्यायचा आणि फिरवत फिरवत फुंकर मारायची. हातात येतो लिंबाएवढा पोकळ चेंडू, त्याचं कवच अंड्याहूनही नाजूक. त्यात गुलाल भरून तोंड बंद करतात. अंगावर फेकला की कवच फुटतं, गुलाल उधळतो आणि कुणाला लागत नाही. एके काळी राजे हत्तीवरून हे गोटे प्रजेवर फेकायचे, असं शहरात सांगतात. राजाश्रय संपला, तरी कारागीर मुसलमान आणि सण हिंदूंचा ही रीत त्या गल्लीत टिकून आहे.

फाळणीनंतर शहराला नवी माणसं मिळाली. दक्षिणेकडच्या तटभिंतीला लागून बापू बाजार आणि नेहरू बाजार उभे राहिले आणि सिंधी, पंजाबी कुटुंबांनी तिथे नव्यानं पेढ्या मांडल्या. १९५१ मध्ये जयपूरची वस्ती जेमतेम तीन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती तीस लाखांवर गेली. जुनी मंडळी ज्या शहराबद्दल गहिवरून बोलतात, ते या दोन आकड्यांच्या मधलं.

त्या काळी संध्याकाळी फिरायला जायचं ते एम. आय. रोडला. १९४४ पासूनचा ‘लस्सीवाला’ कुल्हडमध्ये दाट लस्सी, वर सायीचा थर घालून द्यायचा, अजूनही देतो. त्याच्या शेजारी तशाच नावाच्या पाट्या लागल्या, यातच त्याची कीर्ती आली. १९४९ मध्ये सुरू झालेलं ‘नीरोज’ हे जरा मोठेपणानं जेवायला जायचं ठिकाण. घेवर मात्र जोहरी बाजारात, लक्ष्मी मिष्ठान्न भांडारात.

सिनेमाची वेगळीच श्रीमंती होती. १९३३ मध्ये महाराजा मानसिंह यांच्या संघानं इंग्लंडमध्ये पोलोच्या स्पर्धा जिंकल्या, त्या विजयाचं नाव घेऊन ‘पोलो व्हिक्टरी’ चित्रपटगृह उभं राहिलं. तिथल्या चौकाला लोक आजही त्याच नावानं ओळखतात. मग १ जून १९७६ रोजी ‘चरस’ या चित्रपटानं राजमंदिरचा पडदा उघडला. लाटांसारखं वळणदार छत, झुंबरं, दर्शनी भागावर नऊ ताऱ्यांची रांग. हे चित्रपटगृह आखणारे वास्तुविशारद होते मराठी, वामन नामजोशी. मुंबईच्या ‘लिबर्टी’च्या अंतर्गत सजावटीतही त्यांचा हात होता. जयपूरला जाणाऱ्या मराठी माणसानं हे नाव अभिमानानं घ्यावं. मराठीत ते फारसं घेतलं गेलेलं नाही.

बरामद्यांचे दिवस पुढे वाईट आले. दुकानांनी हातपाय पसरले, माल खांबांपर्यंत आला आणि सावलीतली वाट बंद झाली. गिऱ्हाईक वाहनांच्या गर्दीत ढकललं गेलं. २००० च्या सुमारास ‘ऑपरेशन पिंक’ या मोहिमेत बरामदे मोकळे केले गेले. पुढे चांदपोल ते बडी चौपड भुयारी मेट्रो खोदताना चौपडींच्या, म्हणजे मोठ्या चौकांच्या, पोटात जुनी कुंडं सापडली. २०२० मध्ये मेट्रो धावू लागली. त्याआधी जुलै २०१९ मध्ये परकोट्याच्या आतलं शहर जागतिक वारसा यादीत गेलं होतं.

वारशाचा शिक्का मिळाल्यावर भिंतींना रंग लागतो, कमानी दुरुस्त होतात. ते हवंच. पण ओट्यावर शेगडी पेटवणारा मनिहार उठून गेला आणि त्या जागी आयात मालाचं गोदाम आलं, तर रंगवलेल्या कमानीला अर्थ उरत नाही. जयपूरचं जुनेपण कारागीर आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसण्यात आहे. ते जपायला फक्त सरकार पुरत नाही, खरेदी करणारेही लागतात.

म्हणून जयपूरला जाणाऱ्यांनी हवामहालासमोर फोटो काढून गाडीत बसू नये. होळीच्या आधीच्या पंधरवड्यात गेलात तर त्रिपोलिया बाजारातून मनिहारांच्या गल्लीत वळा आणि गुलाल गोट्यांचा एक डबा घ्या. घरी आणताना तो कपड्यांच्या मधोमध ठेवा, कारण कवच फार नाजूक असतं.