खेळाडूची जागा आणि हॉकीची स्टिक

निवासी शाळांच्या क्रीडाकक्षात हॉकीच्या स्टिक बहुधा एकाच कोपऱ्यात उभ्या असतात. संध्याकाळची घंटा झाली की हाताला येईल ती उचलून मुले मैदान गाठतात. पुढे एखाद्याची पाठ दुखू लागते, एखादीच्या स्टिकखालून चेंडू सारखा निसटतो आणि ‘हा खेळ आपला नव्हे’ असा समज करून घेऊन ती मुले बाजूला होतात. यात उणीव मुलांची नसते. पुष्कळदा ती हातातील स्टिकची असते. म्हणून स्टिकची निवड कशी करावी, हे पालकांनी आणि शाळेच्या हितचिंतकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

नियमांनी काही मर्यादा सर्वांसाठी सारख्याच आखून दिल्या आहेत. स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपेक्षा आणि लांबी १०५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये. तसेच ती ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार जावी. चेंडू खेळायचा तो स्टिकच्या डाव्या, सपाट बाजूने. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. परंतु डावखुऱ्या मुलाच्या पालकांनी चिंता करू नये. मुठीच्या वरच्या टोकाला डावा हातच असतो आणि स्टिक फिरवण्याचे मुख्य काम तोच करतो.

निवडीची पहिली कसोटी म्हणजे खेळाडूची उंची. स्टिक पायालगत उभी धरली असता तिचे वरचे टोक कमरेच्या हाडापर्यंत यावे. साडेचार फूट उंचीच्या मुलाला सुमारे ३२ ते ३४ इंचांची, तर साडेपाच फुटांच्या खेळाडूला ३६.५ इंचांची स्टिक साधारणतः योग्य ठरते. ‘मूल वाढते आहे, थोडी मोठीच घेऊ’ हा गणवेशाला लावलेला हिशेब येथे उपयोगाचा नाही. लांब स्टिक पोटाला अडते. फार आखूड असेल तर पाठीला अधिक वाकावे लागते.

दुसरी कसोटी खेळाडूच्या जागेची. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील भारतीय संघात महाराष्ट्राचे धनराज पिल्ले आघाडीला, व्हिरेन रस्किन्हा मधल्या फळीत आणि एड्रियन डिसोझा गोलरक्षक म्हणून होते. खेळ एकच, परंतु तिघांची कामे निराळी.

आघाडीच्या खेळाडूला धावता धावता चेंडू डावी-उजवीकडे झटपट वळवायचा असतो. त्याला हलकी, साधारणतः ५२० ते ५४० ग्रॅमची आणि आखूड वळणाची स्टिक सोयीची पडते. बचावपटूला चेंडू अडवून दूर मारायचा असतो. किंचित जड आणि अर्धा-एक इंच लांब स्टिक त्याच्या फटक्याला बळ देते व त्याची पोहोच वाढवते. खालचे वळण रुंद असले तर चेंडू अडवायला अधिक जागा मिळते. मधल्या फळीला दोन्ही कामे करावी लागत असल्याने मध्यम वजन व मध्यम वळण बरे. गोलरक्षक स्टिक बहुधा एकट्या उजव्या हातात धरतो, म्हणून त्याला ती हलकी आणि सहज फिरणारी हवी.

दांड्याला असलेला बाकही पाहावा. तो २५ मिलिमीटरपर्यंत असू शकतो आणि त्याचा सर्वांत खोल बिंदू तळापासून किमान २० सेंटिमीटर वर असावा लागतो. खोल व खाली असलेला बाक पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणाऱ्याला साहाय्यक होतो. मात्र त्याच स्टिकने नवशिक्याचा सरळ फटका अकारण हवेत उडतो. आरंभी सौम्य बाकाचीच स्टिक द्यावी.

किमतीविषयीही गैरसमज आहेत. पूर्वी तुतीच्या लाकडाच्या स्टिक सर्रास वापरत. आज काचतंतू व कार्बनतंतूंच्या स्टिक आल्या आहेत. कार्बन अधिक असेल तसा दांडा ताठ होतो आणि फटका जोरकस बसतो. परंतु अशा स्टिकवर आलेला चेंडू उसळून दूर जातो. चेंडू थांबवायला शिकणाऱ्या मुलाला लाकडी किंवा कमी कार्बनची, स्वस्त स्टिकच अधिक शिकवते. धनराज पिल्ले खडकीच्या आयुध निर्माणीच्या मैदानावर मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊनच खेळ शिकले. तशी वेळ आपल्या मुलांवर येऊ नये, पण महागडी स्टिक नाही म्हणून कोणी मागे राहील, असे मानण्याचेही कारण नाही. लाकडी स्टिक मात्र ओलीची शत्रू. ठाणे-बाळकुमच्या पावसाळ्यात ती पुसून, हवेशीर जागी ठेवावी.

शाळेला क्रीडासाहित्य भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. एकाच मापाच्या वीस स्टिक घेण्यापेक्षा आधी क्रीडाशिक्षकांकडून मुलामुलींच्या उंचीची व खेळण्याच्या जागांची यादी मागवावी आणि तीन-चार मापांत त्या विभागून घ्याव्यात. खर्च जवळपास तितकाच होईल. परंतु पाचवीतील सर्वांत लहान चणीच्या मुलीलाही आपल्या मापाची स्टिक मिळेल.