धारेच्या आवाजाला हसणारी पोर

पौषातली थंडी होती. ज्वारी हुरड्यात आलेली, घरोघरी पाखरे राखायची गडबड. अशा दिवसांत आमच्या तालुक्याच्या गावी दिव्यांगांच्या तपासणीचे शिबिर भरले. आमच्या बचत गटातल्या आम्ही सहाजणी मदतीला गेलो. काम साधेच. आलेल्यांना रांगेने बसवायचे, त्यांचे कागद भरून द्यायचे, पाणी द्यायचे आणि धीर द्यायचा. धीर देणाऱ्या आपण, अशीच माझी समजूत होती.

दहाच्या सुमाराला एक आजी आल्या. तान्ह्या बाळाला धरावे तशी सात वर्षांची नात त्यांनी दोन्ही हातांवर आडवी घेतली होती. अंगाने अगदी काटकुळी. पाय कात्रीसारखे एकमेकांवर ताठ, मुठी आवळलेल्या, मान धरत नव्हती. मी कागद पुढे ओढला आणि विचारू लागले. चालते का? नाही. बसते का? नाही. बोलते का? नाही. दिसते का? उजेड-अंधार तेवढा कळतो. एकामागून एक ‘नाही’ लिहिताना माझाच हात जड झाला.

तेवढ्यात मागे कोणीतरी घागरीतले पाणी बादलीत ओतले. ती पोर एकदम खदखदून हसली. सारे अंग हलवून हसली. रांगेतली माणसे वळून बघू लागली.

आजी म्हणाल्या, “धारंसारखा आवाज आला न्हवं, म्हणून. घरी म्हशीखाली बसलं, की चरवीत पैली धार पडायचा अवकाश, हिचं हसू सुरू. माझं पाऊल वळखती, बापाची फटफटी वळखती. लोकं म्हनत्यात, हिला काय कळत न्हाई. हिला समदं कळतंय बाई.”

माझ्या कागदावर हे लिहायला रकानाच नव्हता.

त्या हसण्याने माझा जीव तिच्यावर जडला. घरी तिला चिमणी म्हणतात, तर मीही चिमणी म्हणू लागले. तहान लागली असेल म्हणून मायेने पेला घेतला, तिची मान मागे केली आणि पाणी पाजले. दोन घोट गेले नाहीत तोच ती ठसकली. तोंड लालबुंद झाले, डोळे पांढरे झाले. माझे हातपाय गळाले. शेजारच्या टेबलावरच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी तिला पुढे वाकवून धरले. खोकून खोकून पाणी बाहेर आले, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

मी रडायलाच आले होते. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आजींनाच विचारले, “घरी हिला कसं भरवता?”

“मांडीवर निजवून. घशात घास सारायचा, वरून पाणी.”

“जेवताना ठसका लागतो?”

“रोजचंच हाय ते.”

“मधूनमधून ताप येतो? छाती घरघरते?”

“म्हैन्या-दोन म्हैन्याला येतोच. थंडी बाधती हिला.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “आजी, थंडी नव्हे. आडवं निजवून भरवलं, की घासातला थोडा भाग श्वासनळीत उतरतो. तो छातीत जातो आणि ताप येतो. अशी मुलं यातच दगावतात.”

आजी एकदम खाली बसल्या. “पोर सदा हसती बाई. हसती म्हंजे हिला काय तरास न्हाई, असंच आमी धरून चाललो. म्हणून कुटं न्हेली न्हाई.”

मंडळी, ही गोष्ट लिहायला बसले ती याच वाक्यासाठी. मूल हसते, हा त्या घराच्या मायेचा पुरावा. पण हसते म्हणून त्याला काही लागत नाही, असे नव्हे. रडणाऱ्या मुलाकडे चार माणसे धावतात. हसणारे मूल कोपऱ्यात तसेच राहून जाते.

मग पुढचा अर्धा तास डॉक्टरबाईंनी आजींना धडाच दिला. मीही शेजारी बसून शिकले. भरवताना मूल बसते धरायचे, पाठीला आधार द्यायचा, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, मान किंचित पुढे. भाकरी दुधात किंवा वरणात मऊ कुस्करायची, लहान चमच्याने भरवायची आणि एक घास गिळल्यावरच दुसरा. पाणीही चमच्यानेच, वरून ओतायचे नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. कडेवर घेताना दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना ठेवायचे, म्हणजे कात्री सुटते. आजींनी तसे घेऊन पाहिले. चिमणीची मान त्यांच्या खांद्यावर टेकली आणि ती पुन्हा हसली.

या दुखण्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा झाली, की हातापायांवरचा ताबा जातो. फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणे, तान्हेपणी वाढलेली आणि उपचार न झालेली कावीळ ही त्याची काही कारणे. चिमणी सातव्या महिन्यातच जन्मली होती. हे ऐकून आजींनी हळूच विचारले, “म्हंजे आमच्या रगतात खोट न्हाई?” बहुतेक मुलांत हा आजार पिढीजात नसतो, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले.

आजींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्या धाकट्या लेकीचे, म्हणजे चिमणीच्या आत्याचे, लग्न जमवणे चालू होते. पाहुणे बघायला यायचे, त्या दिवशी चिमणीला मळ्यातल्या खोपीत गड्याच्या बायकोपाशी ठेवत. “मागल्या बारीला दिसभर रडली म्हनं. हसणारी पोर रडली, आन् आमी इकडं पाहुण्यास्नी पोहे देत हुतो.”

चैत्रात मी मुद्दाम त्यांच्या वस्तीवर गेले. सोप्यात चिमणी बसली होती! गावच्या सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांची कोपऱ्याची खुर्ची केली होती. पाठीला दोन फळ्या काटकोनात, दोन पायांच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेला ठोकळा, पुढे ताटापुरती फळी. त्या फळीवर रिकामी चरवी आणि तिच्यात चार चिंचोके. मूठ लागली की खुळखुळ वाजे आणि चिमणी हसे. शिबिरानंतर ताप एकदाच आला होता. चालणे-बोलणे आले नव्हते आणि आजींना तशी खोटी आशा कोणी लावलीही नव्हती.

मधल्या काळात पाहुणे आले होते. या खेपेला आत्यानेच चिमणीला सोप्यात बसवले आणि सांगितले, “ही माझी भाची.” पाहुणे चहा घेऊन गेले. त्यांचा निरोप पुन्हा आला नाही. आजींच्या जिवाला लागले होते ते. पण ती पोरगी भाकरी थापता थापता म्हणाली, “बरं झालं मावशी, आधीच कळलं. माझ्या लेकराला उद्या काय झालं असतं तर?”

वाचकहो, असे मूल आपल्या घरी किंवा शेजारी असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे आणि एकाहून अधिक दिव्यांगत्व असणे हाही त्यांतला एक प्रकार आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र काढा. पुढच्या सवलतींची वाट त्यातूनच जाते. तपासणीत चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरले, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल शाळेत जाऊच शकत नसेल, तर २०१२ साली शिक्षणहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीने त्याला घरी शिकण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा गावच्या शाळेच्या पटावर त्याचे नाव घाला. २०१३ पासून मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू आहे. त्याचे आरोग्य पथक अंगणवाडीत आले, की मूल लपवू नका, पुढे आणा. तान्हे बाळ मान उशिरा धरत असेल, अंग ताठ किंवा फार सैल वाटत असेल, तर ‘होईल मोठेपणी’ म्हणून थांबू नका.

निघताना सांज झाली होती. आजी म्हशीखाली बसल्या. चिमणीची खुर्ची आता गोठ्याच्या दाराशी आणून ठेवली होती. घरात कोणी बोलेना, सगळे थांबले. चरवीत पहिली धार पडली आणि पोर हसली. मग आम्ही सगळेच हसलो.