भाकरी आणि तोंडी लावणे : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात समतोल आहाराचा विचार

१

मानवी आहाराचा विचार सामान्यतः वैद्यक, रसायन अथवा कृषिशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. तथापि माणूस अन्नाला जी नावे देतो, त्यांत त्या अन्नाकडे पाहण्याची त्याची दृष्टीही साठविलेली असते. यास्तव समतोल आहाराची मूलतत्त्वे एखाद्या प्रदेशात समजावून द्यावयाची असतील, तर तेथील जेवणाची भाषा प्रथम पाहणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात त्यासाठी हिंगोली जिल्हा निवडला आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके होत. पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख पिढ्यान्पिढ्या ज्वारी खाणारा आहे.

मराठीत अन्नाचे प्रतिनिधित्व भाकरीकडे आहे. ‘भाकरीचा प्रश्न’, ‘भाकरतुकडा’, ‘मीठभाकर’ या प्रयोगांत भाकरी म्हणजेच जेवण. उरलेले सर्व पदार्थ तिच्या संबंधानेच ओळखले जातात. भाकरी ज्यात कालवावयाची ते ‘कालवण’. मराठवाड्यातील ‘कोरड्यास’ हा शब्द तर आपल्या रूपातूनच आपले काम सांगतो : कोरड्या भाकरीस जे ओले लागते ते कोरड्यास. चटणी, कांदा, ठेचा, पालेभाजी यांना ‘तोंडी लावणे’ हे सामान्य नाव आहे. म्हणजे भाषेच्या हिशेबात भाकरी मुख्य आणि बाकीचे सारे तिच्या दिमतीला. जेवणाची कसोटीही ‘पोट भरणे’ हीच. पोषणशास्त्र मात्र हा क्रम जवळजवळ उलटा करते. पोट भाकरीने भरते. परंतु आहाराचा कस बव्हंशी तोंडी लावण्यावर ठरतो. हे कसे, ते पुढे पाहू.

२

शरीराला अन्नापासून स्थूलमानाने तीन प्रकारची सेवा लागते. पहिली, कामासाठी ऊर्जा; ती मुख्यतः पिष्टमय व स्निग्ध पदार्थांपासून मिळते. दुसरी, शरीराची बांधणी व झीज भरून काढणे. हे काम प्रथिनांचे. तिसरी, या सर्व व्यापारांचे नियमन व संरक्षण. ते जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्याकडे असते. यांखेरीज पाणी व तंतुमय भाग आवश्यक आहेतच. या सर्व घटकांचा परस्परांशी योग्य प्रमाणात मेळ असणे यालाच ‘समतोल’ किंवा ‘चौरस’ आहार म्हणतात. येथे ‘चौरस’ हे विशेषण अधिक अर्थवाही वाटते. कारण एक बाजू कितीही लांबविली तरी तिने दुसऱ्या बाजूची उणीव भरून निघत नाही.

उदाहरणादाखल, शेतात मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या एका स्त्रीचे जेवण घेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या अशा स्त्रीला दररोज सुमारे २१३० किलोकॅलरी ऊर्जा, ४६ ग्रॅम प्रथिने आणि २९ मिलिग्रॅम लोह लागते. तिने दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या असे धरले, तर त्यांतून सुमारे १३४० किलोकॅलरी, ४० ग्रॅम प्रथिने व १६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. केवळ आकडे पाहिले तर भाकरीने बरेच साधले असे वाटेल. परंतु हा हिशेब दोन ठिकाणी फसवा आहे.

पहिले ठिकाण प्रथिनांचे. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे असे एक आवश्यक अमिनो आम्ल गरजेच्या निम्म्याच्या आसपासच असते. बांधकामात एका प्रकारची वीट अपुरी पडली की बाकीच्या विटा पडून राहतात, तसे येथे घडते. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत लायसीन भरपूर असते; उलट डाळीत कमी असणारे मेथिओनीन धान्यांत तुलनेने अधिक असते. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र आले की दोहोंच्या प्रथिनांची प्रत वाढते. मात्र वरण नावापुरते पुरत नाही. धान्य आणि डाळ यांचे वजनी प्रमाण सुमारे तीनास एक असावे, असे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे आहे. वरील स्त्रीच्या वाट्याला दिवसाकाठी ३० ग्रॅम डाळ आली, तर हे प्रमाण तेरास एक होते.

दुसरे ठिकाण लोहाचे. धान्यातील लोह फायटेट नावाच्या द्रव्याशी बांधलेले असल्यामुळे त्याचा अल्प भागच शरीरात शोषला जातो. जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असल्यास हे शोषण वाढते. लिंबाची फोड, आवळा, पेरू, कच्ची कोथिंबीर यांचे महत्त्व येथे आहे. कडधान्य भिजवून मोड आणल्यास फायटेट कमी होते. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा शोषणात अडथळा आणतो. म्हणजे ज्याला भाषा तोंडी लावणे म्हणते, ते भाकरीत असलेलेच लोह अंगी लावण्याचे काम करते.

३

केवळ ज्वारीवर अवलंबून राहण्याचा परिणाम दख्खनने एकेकाळी पाहिलेला आहे. हिंगोलीचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व १९५६ साली मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आला. त्याच हैदराबादेत, दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. त्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळे खरबरीत चट्टे उठतात, जुलाब होतात आणि मनावरही परिणाम होतो. इतरत्र हा रोग मका खाणाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध होता. १९६० साली डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी अशी उपपत्ती मांडली की, ज्वारीत ल्युसीन या अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त असल्यामुळे नायसिन या जीवनसत्त्वाच्या व्यवहारात बिघाड होतो. या उपपत्तीच्या तपशिलांविषयी पुढे मतभेद झाले; परंतु जेथे आहारात विविधता आली तेथे रोग मागे हटला, याविषयी दुमत नाही. दोष ज्वारीचा नव्हता, एकटेपणाचा होता.

४

स्वयंपाकघराच्या भाषेने भाकरीला मुख्य मानले असले, तरी शेताच्या भाषेने तसे केलेले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. मराठीत ज्वारी-बाजरी ही ‘तृणधान्ये’, तूर-मूग-उडीद-हरभरा ही ‘कडधान्ये’ आणि तीळ-जवस-कारळ-करडई ही ‘गळिताची धान्ये’. तिघींनाही ‘धान्य’ हेच पद लाभले आहे. जुन्या शेतात ज्वारीच्या तासांमध्ये तुरीचे किंवा मुगाचे तास असत आणि रब्बीत करडई असे. त्यामुळे ताटातही भाकरी, वरण आणि जवसाची किंवा कारळाची चटणी ही तिन्ही धान्ये आपोआप एकत्र येत. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या व डाळ घालून शिजविण्याची मराठवाड्यातील रीत किंवा पीठे मिसळून केलेले धपाटे ही या मेळाचीच रूपे होत. तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा हा पाला पावसाळ्यात बांधावर मिळे. हे ताट सर्वांना सदैव मिळत होते, असे मात्र समजू नये. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर वाटलेली ‘सुकडी’ हा शब्द मराठवाड्याच्या स्मृतीत अद्याप आहे, तो काही संपन्नतेची खूण म्हणून नव्हे.

आज शेताचे चित्र बदलले आहे. जिल्ह्यात खरिपाचे प्रमुख पीक सोयाबीन झाले असून त्याजोडीला कापूस व हळद आहे. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या पिकांनी हाती पैसा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हळद ताटात चिमूटभरच येते, आणि सोयाबीनची गोष्ट तर विशेष उद्बोधक आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत सुमारे २२. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते तुरीच्याच कुळातले. पण व्यापाराने व शासनाने त्याची गणना गळिताच्या धान्यांत केली. नाव ठरले तशी वाटही ठरली : दाणा बाजारात, तेल बाटलीत आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात. ज्या शिवारात प्रथिनांचे एवढे उत्पादन होते, तेथील घरात डाळ विकत आणावी लागते. सोयाबीन चांगले शिजवून अथवा भाजूनच खावे लागते, कारण कच्च्या दाण्यात पचनास विरोध करणारे द्रव्य असते. तथापि गव्हाच्या वा ज्वारीच्या दळणात भाजलेले सोयाबीन थोड्या प्रमाणात मिसळणे ही अवघड गोष्ट नव्हे.

५

शासकीय व्यवस्थेनेही अन्नाची व्याख्या बव्हंशी ‘धान्य’ अशीच केली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम गहू-तांदळाचा हा आधार मोठा आहे. परंतु तो भाकरीच्या बाजूचा आधार आहे; कोरड्यास आणि तोंडी लावणे ज्याचे त्याने पाहावयाचे असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि पाच वर्षांखालील (६ ते ५९ महिन्यांच्या) बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाला अन्य कारणेही आहेत. परंतु पोट भरलेले असूनही शरीर उपाशी राहते, त्याचा हा मोठा पुरावा होय. घरात शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीला भाकरी बहुधा मिळते, पातेल्यातील वरण आणि भाजी मात्र तोवर तळाशी गेलेली असते. ही शेवटी जेवणारी व्यक्ती बहुतेक घरांत कोण असते, हे सांगण्याची गरज नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० किलोकॅलरींच्या एका दिवसासाठी सुचविलेले ताट असे आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. या ताटात एकूण ऊर्जेच्या निम्म्याहून कमी वाटा धान्याचा आहे. हिंगोलीच्या शेतमजुराला हे सर्व आज परवडेल असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु दिशा स्पष्ट आहे आणि तिच्या काही पायऱ्या आवाक्यातल्या आहेत : आंतरपीक म्हणून घरापुरती तूर, दारी एखादा शेवगा, चटणीत जवस आणि तीळ, मोडाच्या उसळी, जेवणात लिंबू, ताक किंवा अंडे, आणि वरणाची समान वाटणी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळील इक्रिसॅटने मिळून सिद्ध केलेले, लोह व जस्त अधिक असणारे ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ साली प्रसारित झाले. त्यायोगे भाकरीही थोडी अधिक सकस होऊ शकते. तथापि कोणतेही वाण कोरड्यासाची जागा घेऊ शकणार नाही.

आरोग्यसेविका, अंगणवाडी कार्यकर्ती आणि शिक्षक यांना ‘प्रथिने’, ‘कर्बोदके’, ‘सूक्ष्म पोषकद्रव्ये’ ही परिभाषा शिकविली जाते, व ती आवश्यकही आहे. परंतु ज्या घरात ती पोहोचवावयाची, तेथे तृणधान्य, कडधान्य आणि गळिताचे धान्य हे शब्द आधीपासून नांदत आहेत. आज जेवणात तिन्ही धान्ये आली काय आणि त्यांबरोबर पाला होता काय, एवढा प्रश्न कोणत्याही आईला परिभाषेशिवाय समजतो. आहारशिक्षणाचा आरंभ या प्रश्नापासून करणे श्रेयस्कर ठरेल.